कोकणातल्या गाडीसाठी सबवूफरचा बॉक्स: लाकूड कसं निवडायचं

जुलैतल्या एखाद्या सकाळी, रात्रभर अंगणात उभी असलेली गाडी उघडा आणि डिकीतल्या कार्पेटवर तळहात ठेवा. पाणी कुठून आत आलेलं नसतं, काचा बंद असतात, तरी हाताला ओल लागते. आपला सबवूफरचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, बॉक्स जून ते सप्टेंबर याच हवेत बसून राहणार असतो. म्हणून कोकणात बॉक्ससाठी लाकूड बघायला निघालात तर आधी ओलीचा विचार करा, आवाजाचा त्यानंतर.

माझं कुडाळजवळ गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमचं छोटं वर्कशॉप आहे. नवी मुलं मोबाईलवर बघून येतात आणि एका दमात सांगतात, "अठरा एमएमचा एमडीएफ, स्क्रू मारायचे, वरून काळं कार्पेट." एमडीएफ म्हणजे लाकडाच्या धाग्यांचा दाबून केलेला तक्ता. सल्ला चुकीचा नाही. पण तो देणाऱ्याच्या गावात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडत नसतो आणि घरामागे समुद्र नसतो. आपल्याकडे दोन्ही आहे. तोच एमडीएफ इथेही चालतो, फक्त त्याला इथल्यासारखं तयार करावं लागतं. कधी कधी तो सोडून दुसरं काही घेणंच बरं पडतं. कुठे काय, ते पुढे क्रमाने सांगतो.

आधी बॉक्सचं काम समजून घ्या

स्पीकरचा पडदा पुढे गेला की समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा सैल होते. या दोन लाटा एकमेकींच्या उलट असतात. मोकळ्यावर वाजवलात तर खालच्या सुरात त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि बारा इंची स्पीकरही पत्र्याच्या डब्यासारखा वाजतो. मागची लाट कोंडून ठेवायची, म्हणजे पुढची सुटी ऐकू येते. बॉक्सचं मुख्य काम हेच.

कोंडलेली हवा गप्प बसत नाही. बारा इंची स्पीकरच्या पडद्याचं क्षेत्रफळ साधारण ५०० चौरस सेंटिमीटर असतं. तो १ सेंटिमीटर आत गेला की अर्धा लिटर हवा दाबली जाते. बॉक्स ३० लिटरचा धरला तर आतला दाब सव्वादोन टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ४० बाय ३४ सेंटिमीटरच्या मागच्या तक्त्यावर त्याचा जोर सुमारे ३२ किलो भरतो. पडदा बाहेर आला की तितकाच जोर उलट, आतल्या बाजूला. ४० हर्ट्झचा सूर वाजत असेल तर हे ढकलणं-ओढणं सेकंदाला ४० वेळा चालतं. तक्ता वाकला की तो स्वतःच एक ढिसाळ स्पीकर होतो, आणि सांध्यात केसाएवढी फट पडली तरी तिथून 'फुस्स' असा आवाज येतो.

म्हणजे लाकूड कडक हवं, त्याचा सांधा हवाबंद राहायला हवा, आणि टकटक केल्यावर ते घुमता कामा नये.

हा तिसरा मुद्दा आपल्याकडे लोकांना पटत नाही, कारण इथे लाकूड आणि संगीत यांचं नातं जुनं आहे. "फणसाच्या लाकडाचा मृदंग होतो, वीणा होते, मग बॉक्स का नाही?" हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारतंच. डबलबारीच्या भजनात पखवाजावर थाप पडली की त्याचं खोड थापेला साथ देतं, म्हणून तर तो गोड लागतो. वाद्याने स्वतःचा सूर मिसळावा ही अपेक्षाच असते. बॉक्सने मात्र स्वतःचं काहीही मिसळायचं नाही. गाण्यात जो ठेका आहे तोच बाहेर आला पाहिजे.

ओल लाकडात कशी शिरते

हवेत ९० टक्के आर्द्रता असते तेव्हा साधं लाकूड आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे २० टक्के पाणी धरून बसतं. आर्द्रता ५० टक्क्यांवर आली की तेच लाकूड ९ टक्क्यांपर्यंत उतरतं. पावसाळ्यात घराचे दरवाजे घट्ट होतात आणि डिसेंबरात सैल पडतात ते यामुळेच. लाकूड आडव्या अंगाने फुगतं-आकसतं, उभ्या रेषेत जवळजवळ नाहीच. त्यामुळे अख्ख्या फळीचा बॉक्स केला की एक फळी एका दिशेला ताणते, शेजारची दुसऱ्या दिशेला, आणि दोन पावसाळ्यांत सांधा बोलायला लागतो.

म्हणून साग, फणस, आंबा, शिवण, घरातली जुनी तुळई, यातलं काहीही बॉक्सच्या तक्त्यांना वापरू नका. सागाचं लाकूड उत्तम आहे, पण ते खिडकी-दारांसाठी. आंब्याच्या लाकडाला तर भुंगा फार लवकर लागतो. घरी सागाचे तुकडे पडून असतील तर आतल्या आधाराच्या पट्ट्यांना जरूर वापरा. तिथे ते छान काम देतात.

बाजारात काय मिळतं आणि त्यातलं काय घ्यावं

पार्टिकल बोर्ड, म्हणजे भुशाचा बोर्ड, घेऊच नका. स्वस्त मिळतो, रेडिमेड बॉक्समध्ये सर्रास असतो, पण स्क्रू दुसऱ्यांदा काढला की भोक भुसभुशीत होतं आणि ओल लागली की कड बिस्किटासारखी फुलते. ब्लॉकबोर्ड दारांसाठी ठीक, पण आतल्या पट्ट्यांमध्ये फटी असतात आणि बॉक्समध्ये त्या भणभणतात. हे दोन्ही बाजूला ठेवले की तीन पर्याय उरतात.

पहिला एमडीएफ. लाकडाचा धागा धागा करून, गोंदात मिसळून, दाबून केलेला तक्ता. घनता घनमीटरला ७०० ते ७५० किलो. आत फट नाही, गाठ नाही, रेषा नाही, म्हणून सगळीकडे सारखा वागतो आणि घुमत नाही. कापायला सोपा, कड गुळगुळीत निघते, किंमत आवाक्यात. आवाजाच्या बाबतीत पहिला बॉक्स करणाऱ्याला याहून सोपं साहित्य नाही.

खोट एकच, पण मोठी. एमडीएफचा वरचा पृष्ठभाग दाबामुळे घट्ट असतो, कापलेली कड मात्र टीपकागदासारखी पाणी ओढते. माझ्या सुरुवातीच्या बॉक्सपैकी एकाला दुकानदाराने 'वॉटरप्रूफ' सांगून जो तक्ता दिला तो साधाच निघाला. मीही कड सील न करता वरून कार्पेट लावलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर गाडी परत आली तेव्हा खालच्या कडेवरचं कार्पेट उचललं. १८ मिलिमीटरची कड व्हर्नियरने, म्हणजे जाडी मोजायच्या पट्टीने, मोजली, तर २१ भरली. नख दाबलं तर आत रुतलं, आणि स्क्रूच्या डोक्याभोवती गंजाचा तांबूस डाग पसरला होता. गाडी वाळवली, बॉक्स आठवडाभर घरात कोरडा ठेवला, तरी जाडी मूळ मापावर आली नाही. एकदा फुगलेला एमडीएफ परत बसत नाही, हे लक्षात ठेवा.

दुसरा एचडीएचएमआर. मॉड्युलर किचनवाल्यांमुळे हे नाव आता चिपळूणपासून सावंतवाडीपर्यंत प्रत्येक प्लायच्या दुकानात माहीत आहे. एमडीएफचाच जास्त घट्ट दाबलेला आणि ओल सोसणाऱ्या गोंदाचा भाऊ. घनता ८५० किलोच्या आसपास. स्क्रू जास्त घट्ट धरतो आणि ओलीत एमडीएफपेक्षा खूपच कमी फुगतो. मात्र तो ओल सोसतो, पाण्यात राहू शकत नाही. याचीही कड सील करावीच लागते. जड आहे, आणि जिगसॉची पाती लवकर बोथट करतो.

तिसरा प्लायवुड. इथे मात्र डोळे उघडे ठेवून खरेदी करावी लागते, कारण एकाच नावाखाली जमीन-अस्मानाचा फरक असलेला माल विकला जातो. 'कमर्शियल' किंवा एमआर प्लाय आयएस ३०३ या मानकात बसतो. हा घरातल्या कोरड्या जागेसाठी असतो. मरीन प्लाय म्हणजे आयएस ७१०. त्याच्या तुकड्याला ७२ तास उकळत्या पाण्याची परीक्षा असते आणि त्यात थर सुटता कामा नयेत. आपल्याला हवा तो हाच. तक्त्यावर आयएसआयचा शिक्का, मानकाचा क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक मोबाईलवर 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकून दुकानातच तपासता येतो. मरीन प्लायमधल्या फिनॉलच्या गोंदाची रेषा गडद तपकिरी दिसते, पण नुसत्या रंगावर विसंबू नका. रंग काय, घालताही येतो.

प्लाय एमडीएफपेक्षा हलका आणि जाडीच्या मानाने जास्त कडक असतो, स्क्रू उत्तम धरतो, ओलीत सर्वांत भरवशाचा. त्याची खोट पोटात लपलेली असते. आतल्या थरांत कुठे तुकडा कमी पडला की तिथे पोकळी राहते, आणि बॉक्स वाजला की ती पोकळी किणकिणते. बाहेरून काही दिसत नाही.

आमच्या गावचे सुतारकाका आयुष्यभर होड्यांची कामं करत आले. मी पहिल्यांदा त्यांना प्लाय बघायला घेऊन गेलो तेव्हा त्यांनी वरच्या चकचकीत पापुद्र्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "झिला, प्लायचा तोंड बघू नको, कड बघ." खिशातून नाणं काढलं, तक्ता भिंतीला टेकवून उभा केला आणि एका कोपऱ्यापासून वीत-वीतभर अंतरावर नाण्याने ठोकत गेले. टक्, टक्, टक्. तिसऱ्या ओळीत एके ठिकाणी आवाज पसरट झाला, टप् असा. बोटभर बाजूला पुन्हा टक्. त्यांनी तिथे पेन्सिलीने फुली मारली आणि दुसरा तक्ता काढायला सांगितला. तेव्हापासून माझ्या खिशात पाच रुपयांचं जाड नाणं असतं. चारही कडा बघा, थरांत काळी भोकं किंवा एकावर एक चढलेले पापुद्रे दिसले तर तक्ता सोडून द्या. मग नाण्याने ठोका. दुकानदार कुरकुरला तर दुकान बदला.

बर्च प्लायचं नाव परदेशी व्हिडिओंमध्ये सतत येतं. बाल्टिक समुद्राच्या भागातल्या बर्चच्या पातळ पापुद्र्यांचा, १८ मिलिमीटरमध्ये १३ थरांचा हा प्लाय खरोखर देखणा आणि पोकळीमुक्त असतो. पण आपल्याकडे तो शहरातून मागवावा लागतो आणि भाव भलताच पडतो. पहिल्या बॉक्ससाठी त्याच्या मागे लागू नका.

मग घ्यायचं काय? गाडी शेडमध्ये किंवा पडवीत उभी राहत असेल आणि घर खाडी-समुद्रापासून आत असेल, तर नीट सील केलेला एमडीएफ पुरतो. पैसे थोडे जास्त घालता येत असतील तर एचडीएचएमआर घ्या. नव्या माणसाला मी बहुधा हाच सांगतो, कारण सील करताना कुठे चूक राहिली तरी तो थोडीफार पोटात घालतो. गाडी उघड्यावर उभी राहते, मालवण-देवगडसारख्या किनाऱ्यावर फिरते, मागून मासळीची टोपली किंवा ओले कपडे येतात, भाड्याची गाडी आहे, जीप आहे, तर आयएस ७१० चा प्लायच. तिथे दुसरा विचार करू नका.

घेण्याआधी बादलीची परीक्षा

नव्या दुकानातून तक्ता घेताना मी आधी हातभर कटपीस मागून आणतो. त्याचे ५ सेंटिमीटरचे चौकोन कापायचे, व्हर्नियरने जाडी मोजून तुकड्यावर पेन्सिलीने लिहायची आणि २४ तास बादलीतल्या पाण्यात बुडवून ठेवायचे. दुसऱ्या दिवशी पुसून पुन्हा मोजा. मग दोन-तीन दिवस सावलीत वाळवून तिसऱ्यांदा मोजा. साधा एमडीएफ हाताला लगेच जाड लागतो. चांगला मरीन प्लाय जेमतेम बदलतो. एक तुकडा सील करूनही बुडवा. सील केलेला आणि न केलेला असे दोन तुकडे शेजारी ठेवून पाहिलेत की पुढच्या पायरीत कुणी तुम्हाला घाई करायला लावणार नाही.

जाडी मोजून लिहून ठेवायची सवय इथेच लावून घ्या. १८ म्हणून मिळालेला तक्ता १७ भरतो, प्लाय काही वेळा १९ चा येतो, आणि आतली मापं त्याप्रमाणे बदलतात.

जाडी वाढवायची की आधार द्यायचा

१८ मिलिमीटरपेक्षा पातळ लाकूड बारा इंची स्पीकरला वापरू नका. तक्त्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे १२ मिलिमीटरच्या तुलनेत १८ चा तक्ता जवळजवळ साडेतीनपट कडक. हाच हिशेब पुढे नेऊन लोक २५ मिलिमीटर मागतात. तो १८ पेक्षा पावणेतीनपट कडक खरा, पण बॉक्सचं वजनही ४० टक्क्यांनी वाढतं.

त्यापेक्षा आतून आधाराची पट्टी द्या. मागच्या तक्त्याच्या मधोमध ५० मिलिमीटर रुंदीची पट्टी कडेवर उभी चिकटवली आणि तिची टोकं वरच्या-खालच्या तक्त्यात घट्ट बसवली, तर त्या तक्त्याचं वाकणं साधारण पाचपट कमी होतं. खर्च उरलेल्या तुकड्याचा आणि वजन पाव किलोच्या आसपास. मला तरी यात दुसरा पर्याय दिसत नाही. फक्त पट्टी स्पीकरच्या चुंबकाला टेकणार नाही, मागून हवा खेळायला जागा राहील, हे आधी मोजून बघा.

स्पीकर बसतो तो पुढचा तक्ता मात्र दुहेरी करा. दुसरा थर बाहेरून चिकटवला तर आतली जागा खाल्ली जात नाही.

एक पूर्ण माप

बारा इंची बऱ्याच सबवूफरना बंद बॉक्समध्ये १ घनफूट, म्हणजे २८.३ लिटर जागा लागते. तुमच्या स्पीकरसोबत आलेल्या कागदावर नेमका आकडा असतो, तोच अंतिम मानायचा. स्पीकरची मागची बाजू आणि आधाराची पट्टी मिळून साधारण २ लिटर खातात, म्हणून आतून ३० लिटर धरू. आतलं माप ४०० बाय ३४० बाय २२० मिलिमीटर घेतलं की ते जमतं. १८ मिलिमीटरच्या तक्त्यातून कापायचं ते असं:

पुढचा, मागचा आणि पुढचा जादा थर: ४३६ बाय ३७६, तीन नग.
वरचा आणि खालचा: ४३६ बाय २२०, दोन नग.
डावा-उजवा: ३४० बाय २२०, दोन नग.

आठ बाय चारच्या तक्त्याचा तिसऱ्या हिश्श्याहून कमी भाग यात लागतो. फर्निचरवाल्याकडे उरलेले मोठे तुकडे मिळाले तर अख्खा तक्ता घ्यायची गरज नाही. वजन एमडीएफमध्ये सुमारे ११ किलो, एचडीएचएमआरमध्ये पावणेतेरा, प्लायमध्ये १० च्या आतबाहेर.

कापणी हाताने करू नका. मॉड्युलर किचन करणाऱ्या वर्कशॉपमध्ये पॅनेल सॉ असतो. तिथे चिठ्ठी द्या आणि एकाच मापाचे तुकडे एकाच सेटिंगवर कापून घ्या. पात्याची रुंदी साधारण ३ मिलिमीटर जाते, ती हिशेबात धरायला सांगा. घरी आणल्यावर प्रत्येक तुकड्याचे दोन्ही कर्ण मोजा. सारखे भरले तर तुकडा गुण्यात आहे. वाकड्या तुकड्याची फट गोंदाने भरू म्हणाल, तर ती पहिल्याच पावसाळ्यात उघडेल.

एमडीएफ कापताना उडणारी पिठासारखी धूळ छातीत जाते आणि तिच्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. चांगला मास्क लावा आणि काम अंगणात करा. घरात आजी किंवा लहान मूल असेल तर हे अजिबात टाळू नका. बोर्ड घेतानाही ई१ किंवा ई० दर्जाचा, म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा, मागा, कारण उन्हात तापलेल्या बंद गाडीत तो वास तुमच्याच नाकात जाणार असतो.

सांधे: गोंद आणि खारी हवा

बॉक्सला धरून ठेवतो तो गोंद. स्क्रू फक्त गोंद वाळेपर्यंत शिकंजाचं काम करतात. साधा पांढरा फेविकॉल पाण्यात टिकत नाही, म्हणून फेविकॉल मरीनसारखा पाणी सोसणारा गोंद घ्या. दोन्ही कडांना लावा. एमडीएफची कड पहिला हात शोषून घेते, म्हणून पाच मिनिटांनी तिच्यावर दुसरा हात फिरवा. सांधा दाबल्यावर गोंदाची बारीक मण्यांसारखी सलग ओळ बाहेर आली पाहिजे. जिथे ती तुटली, तिथे गोंद कमी पडला असं समजा.

एमडीएफच्या कडेत थेट स्क्रू मारला तर ती फाटते. आधी ड्रिलने बारीक भोक पाडा, कोपऱ्यापासून इंचभर अंतर ठेवा. जिप्समच्या कामाचे काळे स्क्रू सगळीकडे मिळतात आणि स्वस्त असतात, पण आपल्या खाऱ्या हवेत ते वर्षभरात गंजतात. ३०४ दर्जाचे स्टेनलेस स्क्रू घ्या. घर अगदी किनाऱ्यावर असेल तर ३१६. बंदरावरच्या सामानाच्या दुकानात विचारा, होडीवाल्यांना ते रोजच लागतात. स्पीकर बसवायला लाकडात स्क्रू न घालता मागून टी-नट (लाकडात रुतणारा दातेरी नट) बसवा आणि पुढून बोल्ट लावा. स्पीकर चार वेळा काढला-घातला तरी भोक खराब होत नाही.

दुसऱ्या दिवशी आतून सर्व कोपऱ्यांत गोंदाची किंवा सिलिकॉनची सलग रेषा ओढा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको. त्याची वाफ तांब्याच्या तारा आणि स्पीकरचे भाग खराब करते. 'न्यूट्रल' लिहिलेलं घ्या आणि तरीही पूर्ण दिवस वाळू द्या.

सील करणं: इथे वेळ द्या

सगळ्यात जास्त बॉक्स इथल्या आळसामुळे जातात. मुलं दोन दिवस कापण्या-जोडण्यात घालवतात आणि वर अर्ध्या तासात कार्पेट चिकटवून मोकळी होतात.

कामाचा मुहूर्त नोव्हेंबर ते एप्रिल. हवा कोरडी असते, तक्ता कोरडा असतो, आणि आत कोंडली जाते तीही कोरडी हवा. गणपतीत नवा आवाज हवा म्हणून लोक ऑगस्टमध्ये येतात. मी त्यांना मे महिन्यात यायला सांगतो. पावसाळ्यात करणं भागच असेल तर तक्ता आणल्यावर आठवडाभर घरात आडवा ठेवा, खाली तीन पट्ट्या घालून, भिंतीला टेकवून नको. आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) सीलर, जो थिनरमध्ये मिसळून मारतात, भरपावसात मारू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर हवेतली वाफ बसते आणि सीलर दुधासारखा पांढरा पडतो.

आधी कडा. मरीन गोंद थोड्या पाण्यात पातळ करून कडांना चोळा, वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर मारा, पुन्हा एकदा द्या. स्क्रूच्या डोक्यांवर लांबी (पुट्टी) भरा. मग आतून-बाहेरून, खालून आणि स्पीकरच्या गोल कापाच्या कडेवरही पीयू (पॉलियुरेथेन) सीलरचे दोन-तीन हात. गोल कापाची कड नव्वद टक्के लोक विसरतात, आणि स्पीकरच्या रिंगखाली ओल धरून बसायला तीच सगळ्यात सोयीची जागा. आतून सील केलं नाही तर बाहेरचं सीलिंग निम्मं वाया गेलं म्हणा, कारण स्पीकर काढून-घालून, वायरच्या टर्मिनलमधून बाहेरची हवा आत येतच राहते.

गाडी उघड्यावर असणाऱ्यांसाठी याहून पक्का उपाय बंदरावर मिळतो. फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे जे रेझिन वापरतात, त्याचा एक पातळ हात खालच्या तक्त्याला आणि सगळ्या कडांना द्या. रेझिन आणि हार्डनरचं प्रमाण त्यांच्याकडूनच समजून घ्या आणि काम मोकळ्या हवेत करा, वाफ डोक्यात जाते. त्यावर पाणी ओतलं तरी अळवाच्या पानावरून ओघळावं तसं ओघळतं.

कार्पेट हौसेने लावा, पण बॉक्सच्या तळाला लावू नका. तिथे ते स्पंजसारखं ओल धरतं. तळाला रबराचे चार पाय लावा, बॉक्स डिकीच्या जमिनीपासून सेंटिमीटरभर वर राहील आणि खालून हवा फिरेल. व्हिनाइल किंवा रेक्झीन हे आपल्या हवेला कार्पेटपेक्षा जास्त मानवतं.

गाडीत बसवताना

स्पीकरच्या रिंगखाली फोमची पट्टी, टर्मिनलच्या कडेला सिलिकॉन. मग एक अगरबत्ती लावा. मोबाईलवरून ३० हर्ट्झचा सूर हळू आवाजात सुरू करा आणि धूर सांध्यांवरून सावकाश फिरवा. जिथे धुराची रेघ थरथरते किंवा फुटते, तिथे गळती आहे. पेन्सिलीने खूण करा, स्पीकर काढून आतून बुजवा. दुसरी खूण म्हणजे पडदा दोन्ही तळहातांनी सारखा, हलका दाबून सोडा. बंद बॉक्समध्ये तो किंचित रेंगाळत जागेवर येतो. झटकन उसळला तर कुठून तरी हवा निघतेय.

बॉक्स मोकळा ठेवू नका. स्पीकरसकट तो १८-२० किलोचा होतो, आणि आंबोली किंवा करूळ घाटात अचानक ब्रेक लागला तर तो सीटवर येऊन आदळतो. सीटच्या मूळ बोल्टना पट्टा किंवा अँगल लावून बांधा. गाडीच्या जमिनीत स्वतःच्या मनाने ड्रिल मारू नका. बऱ्याच हॅचबॅक गाड्यांची पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते. डिकीच्या दाराचं रबर बीडिंग याच वेळी तपासून घ्या. कुणाला तरी आत बसवून बाहेरून पाईपने पाणी मारायला सांगा आणि आतून टॉर्च लावून बघा.

पहिला पावसाळा संपला की, दसऱ्याच्या सुमारास गाडी धुवाल तेव्हा, बॉक्स एकदा बाहेर काढा. खालच्या चारही कडा व्हर्नियरने मोजा आणि बांधताना लिहून ठेवलेल्या आकड्यांशी ताडा. अर्धा मिलिमीटर फरक पडला असेल तर ती कड उन्हात नको, सावलीत वाळवा, घासा आणि सीलरचे दोन हात पुन्हा द्या. स्पीकरचे बोल्ट एक एक करून, समोरासमोरच्या जोडीने आवळा. फोमची पट्टी दबलेली असते, ती बदला, आणि अगरबत्ती पुन्हा एकदा फिरवा.